श्वासाचा हिशेब: बाबू छिरी शेर्पा आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरचे २१ तास

आमच्या मालवणातून यंदा एक मोठा जथा लेह-लडाखला निघाला आहे. निवृत्त शिक्षक, बँकवाले, एक-दोन खानावळवाले आणि बरोबर घरची मंडळी. गरम कपड्यांची खरेदी कोल्हापूरला जाऊन झाली, लाडू-चिवडा झाला, आणि शेवटी शेजारच्या काकींनी सुती फडक्याच्या लहान लहान पुरचुंड्या बांधायला घेतल्या. आत कापराच्या वड्या, चार लवंगा आणि चिमूटभर ओवा. एक पुरचुंडी माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "ह्यो कापूर हुंगलो काय ऑक्सिजन वाढता. व्हॉट्सॲपार इला हा."

कोरोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आमच्या कपाटात पडून होता. तो काकींच्या बोटाला लावला. ९७. मग त्यांनी पाच मिनिटे पुरचुंडी नाकाशी धरून खोल श्वास घेतले. पुन्हा ९७. काकींनी ऑक्सिमीटर उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला, "मशीन बिघडला असतला."

कापराच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू असतो हे खरे, पण तो कार्बनला घट्ट बांधलेला असतो आणि फुप्फुसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. कापूर हुंगल्यावर 'नाक मोकळे झाले' असे वाटते त्याचे कारण वेगळे आहे. नाकाच्या आतल्या अस्तरात गारवा ओळखणारे मज्जातंतू असतात, कापूर त्यांना चाळवतो आणि मेंदूची समजूत होते की भरपूर हवा आत येते आहे. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना कापूर, निलगिरी आणि मेंथॉल यांची वाफ देऊन नाकातून हवा जायला होणारा अडथळा मोजला होता. अडथळा तसूभरही कमी झाला नव्हता. लोकांना मात्र श्वास मोकळा झाल्यासारखा वाटत होता. लेहला धाप लागलेल्या माणसाला नुसते बरे 'वाटणे' हा धोकाच, कारण मग तो खाली उतरायचे सोडून वर चढत राहतो. आणि लहान मुले घरात असतील तर कापूर त्यांच्या हाताला लागू देऊ नका. तो पोटात गेला तर झटके येतात.

दुसरा गैरसमज कापराहून जुना आहे आणि शिकलेल्या माणसांतही सर्रास आढळतो: उंचावर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते. प्रमाण तेच असते. मालवणच्या जेटीवर हवेत जवळपास २१ टक्के ऑक्सिजन आहे, लेहला २१ टक्के आहे आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच आहे. कमी होतो तो हवेचा दाब. आपण किनाऱ्यावरची माणसे हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. आपल्या डोक्यावरचा हवेचा भार पाऱ्याचा ७६० मिलिमीटर उंच स्तंभ तोलून धरतो. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, तो ५०० च्या आसपास येतो. खार्दुंग ला या खिंडीत ४०० च्या आसपास. (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षे १८,३८० फूट लिहिलेले होते आणि त्या पाटीशेजारी फोटो काढून लोक धन्य होत होते. जीपीएसने मोजली तर ही खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. आठशे फूट रंगाऱ्याच्या पदरचे.)

कोकणात दाब कमी झाला की आपल्याला धडकी भरते, कारण आपल्याकडे तो वादळात कमी होतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा त्याच्या केंद्रातला दाब ९८४ हेक्टोपास्कलपर्यंत (हे हवामानखात्याचे माप, पाऱ्याच्या मिलिमीटरहून वेगळे) उतरला होता, म्हणजे त्या दिवसांत एरवी असतो त्यापेक्षा जेमतेम दोन टक्क्यांनी कमी. तेवढ्यावर माडा-पोफळीच्या बागाच्या बागा झोपल्या. पण श्वासाच्या हिशेबात हे दोन टक्के म्हणजे पावणेदोनशे मीटर चढण्यासारखे. आंबोलीचा घाट अर्धा चढलात तर याहून जास्त दाब गमावता आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. वादळ होते ते शेजारच्या हवेशी असलेल्या फरकामुळे. फुप्फुसाला शेजारपाजार ठाऊक नसतो, त्याला एकूण दाबाशी कर्तव्य.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. बाबू छिरी शेर्पा. जन्म १९६५ चा, नेपाळच्या सोलुखुंबू जिल्ह्यात, ताक्सिंदू गावचा. गावात शाळा नव्हती, म्हणून शाळेत गेला नाही. कोवळ्या वयात गिर्यारोहकांचे सामान वाहायला लागला, मग वाट दाखवू लागला. एव्हरेस्टवर दहा वेळा पोचला. १९९५ मध्ये तर एकाच हंगामात दोनदा. मे २००० मध्ये बेस कॅम्प ते माथा हे अंतर त्याने १६ तास ५६ मिनिटांत कापले, जिथे इतरांना मधले मुक्काम धरून चार-पाच दिवस लागतात. पण माझे मन अडकले आहे ते त्याच्या आदल्या वर्षीच्या पराक्रमात. ६ मे १९९९ ला सकाळी अकराच्या सुमारास तो माथ्यावर पोचला, तिथे त्याने लहानसा तंबू ठोकला आणि रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी खाली निघाला. २१ तास. सिलिंडरचा ऑक्सिजन न वापरता.

हे किती अचाट आहे ते कळायला १८७५ सालात जाऊ. त्या वर्षी १५ एप्रिलला तीन फ्रेंच माणसे 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून आठ हजार मीटरच्या वर गेली. ऑक्सिजनच्या पिशव्या जवळ होत्या. पण गरज पडली तेव्हा नळीपर्यंत हात उचलण्याइतकेही त्राण उरले नव्हते. बलून जमिनीवर आले तेव्हा तिघांपैकी दोघे मेलेले होते. वाचला तो गास्तों तिसांदिए, आणि तोही पुढे बहिरा झाला. अंग तसेच, हवा तीच, उंचीही जवळपास तीच. एकीकडे काही तासांत मृत्यू आणि दुसरीकडे एक माणूस तंबू ठोकून मुक्कामाला राहतो. मधे काय घडले?

मधे घडले ते श्वासात, आणि ते वजाबाकी करून दाखवता येते. वही-पेन्सिल जवळ असली तर बरे.

फुप्फुसात शेवटच्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे बारीक वायुकोश असतात, हे शाळेत शिकलो. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. किती ऑक्सिजन उतरेल ते वायुकोशातल्या ऑक्सिजनचा स्वतःचा दाब किती आहे यावर ठरते. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून सुटणारी एसटी डोळ्यांसमोर आणा. गाडीत ७६० जागा आहेत असे धरू. त्यातल्या ४७ कायमच्या आरक्षित, त्या पाण्याच्या वाफेच्या. नाकातून शिरलेली हवा वायुकोशापर्यंत पोचेतो ३७ अंशाला वाफेने पूर्ण भिजते आणि त्या तापमानाला वाफेचा दाब ४७ मिलिमीटरच असतो, बाहेर मालवणचा घामट मे असो की हिमालयातली कोरडी थंडी. उरल्या ७१३. त्यातल्या २१ टक्के ऑक्सिजनच्या, म्हणजे साधारण १५०. बाकी सगळ्या नायट्रोजनच्या, जो काही कामधंदा न करता खिडकीशी बसून राहतो.

पण हे झाले आत येणाऱ्या हवेचे. वायुकोशातून रक्त सतत ऑक्सिजन उचलते आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइड टाकते. (इथे एसटीची उपमा लंगडी पडते, तेव्हा काकींची मंडळी कणकवलीला उतरली असे समजून पुढे जाऊ.) किनाऱ्यावरच्या निरोगी माणसाच्या वायुकोशात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिलिमीटर असतो. शरीर जितका ऑक्सिजन घेते त्याच्या सुमारे ८० टक्केच कार्बन डायऑक्साइड परत देते, म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक ४ मिलिमीटरमागे ऑक्सिजनचे ५ मिलिमीटर खर्ची पडलेले असतात. ४० च्या मागे ५०. दीडशेतून पन्नास गेले, शंभर उरले. मालवणात बसलेल्या माणसाच्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर. ऑक्सिमीटरवर ९७-९८ दिसतात ते याच्या जोरावर.

हेच गणित एव्हरेस्टच्या माथ्यावर करू. एकूण दाब २५३. हा आकडा अंदाजाचा नाही. २४ ऑक्टोबर १९८१ ला ख्रिस्तोफर पिझो या अमेरिकन डॉक्टरने माथ्यावर वायुभारमापक नेऊन तो मोजला. २५३ मधून वाफेचे ४७ गेले. ती सवलत देत नाही. लेहला ४७, एव्हरेस्टलाही ४७. उरले २०६. त्याचे २१ टक्के, ४३. आता कार्बन डायऑक्साइडपायी ५० वजा करा.

उणे सात.

म्हणजे मालवणातल्यासारखा सावकाश श्वास घेणारा माणूस एव्हरेस्टच्या माथ्यावर गणितातही जगू शकत नाही. हे समीकरण मी पहिल्यांदा सोडवून पाहिले तेव्हापासून त्याच्या प्रेमात आहे. माणसाच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न चौथीतल्या वजाबाकीत बसतो आणि उत्तर उणे येते!

यातून सुटायची वाटही त्याच वजाबाकीत आहे. २५३ बदलता येत नाही, ४७ बदलत नाही, २१ टक्के बदलत नाहीत. माणसाच्या हातात एकच आकडा आहे, कार्बन डायऑक्साइडचे ४०. तो कमी करायचा. कसा? जोरजोरात श्वास घेऊन. शरीर दर मिनिटाला जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार करते तेवढाच राहिला आणि वायुकोशात खेळणारी हवा दुप्पट केली, तर त्याचा दाब निम्म्यावर येतो, पाचपट केली तर पाचव्या हिश्श्यावर. पिझोने माथ्यावर आपल्या उच्छ्वासाचे नमुने बंद नळकांड्यांत भरून आणले होते. त्यांत कार्बन डायऑक्साइडचा दाब निघाला साडेसात. चाळीसच्या जागी साडेसात! वजाबाकी पुन्हा करा: ४३ मधून साधारण ९ गेले, ३४ उरले. प्रत्यक्ष मोजमाप आले ३५. मालवणच्या शंभराच्या जागी पस्तीस, पण उणे नाही. माणूस शुद्धीवर असतो, एक पाऊल टाकतो, थांबून धापा टाकतो, दुसरे पाऊल टाकतो.

मग तिसांदिएच्या सोबत्यांनी जोरात श्वास का घेतला नाही? कारण शरीर घेऊ देत नाही. कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून आम्ल तयार करतो. तो भराभर बाहेर फेकला की रक्तातले आम्ल कमी होते आणि सामू, म्हणजे पीएच, वर सरकतो. रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास ठेवायचा हा शरीराचा हट्ट असतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशींना तो चढताना दिसला की त्या श्वासाला लगाम घालतात. एका बाजूला मानेतल्या धमन्यांजवळचे संवेदक ओरडत असतात, ऑक्सिजन कमी आहे, श्वास वाढव. दुसऱ्या बाजूला मेंदू म्हणतो, आम्ल कमी होतेय, श्वास आवर. बलूनमधली माणसे या ओढाताणीत गेली.

ही कोंडी फोडते ते मूत्रपिंड. रक्तात आम्ल कमी झाले ना, मग ते तोलायला अल्कलीही कमी करू, अशा हिशेबाने ते बायकार्बोनेट लघवीवाटे सोडू लागते. सामू खाली येतो, मेंदूचा लगाम ढिला होतो, श्वास आणखी वाढतो, कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, मूत्रपिंड आणखी बायकार्बोनेट सोडते. हे चक्र दिवसांच्या गतीने फिरते, तासांच्या नव्हे. गिर्यारोहक बेस कॅम्पवर आठवडेच्या आठवडे वर-खाली करत राहतात ते याच्यासाठी. टूर कंपन्या लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस हॉटेलात नुसते पडून राहायला सांगतात तेही याच्यासाठी, पण आपली मंडळी 'पैसे भरलेत, तर झोपायला आलो काय' म्हणून पहिल्याच दुपारी बाजारात फिरायला निघतात. डॉक्टर डायमॉक्सच्या गोळ्या देतात त्या मूत्रपिंडाला हेच काम लवकर सुरू करायला लावतात. गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखे जावे लागते आणि गोटी सोडा बेचव लागतो. जिभेवर सोड्याची झणझण कळायला जे विकर लागते, तेच ही गोळी बंद पाडते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काकींच्या जथ्याने पुरचुंड्यांऐवजी हा सल्ला बांधून घेतला असता तर मला बरे वाटले असते.

आठ हजार मीटरच्या वर गंमत अशी होते की मूत्रपिंड मागे पडते. श्वास इतका वाढलेला असतो आणि अंगातले पाणी इतके आटलेले असते की त्याला बरोबरी करता येत नाही, आणि माथ्यावर रक्ताचा सामू हिशेबाने ७.७ च्याही वर निघतो. दवाखान्यात असा सामू दिसला तर डॉक्टरांची धावपळ उडेल. पण इथे तो फायद्याचा ठरतो. आम्ल कमी झाले की हिमोग्लोबिन ऑक्सिजनला अधिक घट्ट धरते, त्यामुळे वायुकोशात ऑक्सिजन इतका विरळ असतानाही ते बरेच पदरात पाडून घेते. हिमालय ओलांडून आपल्या जायकवाडीला उतरणाऱ्या पट्टकादंब हंसाला असे घट्ट धरणारे हिमोग्लोबिन जन्मतःच मिळालेले असते. माणसाला ते धापा टाकून मिळवावे लागते.

हाच खेळ समुद्रात उलटा पडतो, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तो समजून घेतलाच पाहिजे. तारकर्लीला किंवा सिंधुदुर्गाच्या तटाखाली पोरे बुडी मारायची पैज लावतात. बुडी मारण्याआधी दहा-बारा वेळा भसाभसा श्वास घेतला तर पाण्याखाली जास्त वेळ राहता येते, ही युक्ती त्यांना कोणीतरी शिकवलेली असते. राहता येते हे खरे. पण भसाभसा श्वासाने रक्तातला ऑक्सिजन फारसा वाढत नाही, तो आधीच ९७-९८ टक्के भरलेला असतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. आणि पाण्याखाली 'आता वर चल' ही असह्य ओढ लागते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. तो आधीच उधळून टाकला की ओढ लागायच्या आत ऑक्सिजन संपतो. पोरगा छान वाटत असतानाच पाण्याखाली बेशुद्ध पडतो. वर येताना तर पाण्याचा दाब घटून फुप्फुसातल्या ऑक्सिजनचा दाबही कोसळतो, त्यामुळे पृष्ठभाग हातभर राहिलेला असताना शुद्ध जाते. पट्टीचे पोहणारे असेच गेले की गावात देवचाराने ओढला म्हणतात. देवचाराला बिचाऱ्याला कार्बन डायऑक्साइड ठाऊक नाही.

बाबू छिरीच्या तंबूत परत जाऊ. त्याच्या २१ तासांतली कठीण वेळ रात्रीची. जागा माणूस धापा टाकू शकतो. झोप लागली की श्वास मेंदूच्या आपोआप चालणाऱ्या यंत्रणेवर सोपवला जातो, आणि कार्बन डायऑक्साइड इतका कमी असताना त्या यंत्रणेला श्वास घ्यायचे कारणच उरत नाही. श्वास थांबतो. दहा-पंधरा सेकंदांनी ऑक्सिजन घसरतो, संवेदक ओरडतात, माणूस दचकून चार-पाच मोठे श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड पुन्हा उतरतो, श्वास पुन्हा थांबतो. रात्रभर हेच. बेस कॅम्पवर शेजारच्या तंबूतला माणूस असा थांबून थांबून श्वास घेताना ऐकून नवखे घाबरतात. माथ्यावर, जिथे ३५ ची शिल्लक आहे, तिथे असा प्रत्येक खंड त्या शिलकीत हात घालतो.

ही शिल्लक रक्तात पोचेतो किती उरते ते २००७ मध्ये कळले. त्या वर्षी ब्रिटिश डॉक्टरांच्या एका मोहिमेने माथ्यावरून उतरताना, ८,४०० मीटरवर, ऑक्सिजनचे मुखवटे काढून काही वेळ थांबून, एकमेकांच्या जांघेतल्या धमनीतून रक्त काढले. थंडीत कपड्यांचे थरावर थर उघडून मांडीत सुई खुपसणे म्हणजे काय असेल याची कल्पनाच करा. सिरिंजा बर्फात घालून शेर्पांनी दोन तासांच्या आत ६,४०० मीटरवरच्या तंबूतल्या प्रयोगशाळेत पोचवल्या. चार जणांच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाची सरासरी आली २४.६ मिलिमीटर, हिमोग्लोबिनची भरती सरासरी ५४ टक्के. कोरोनात ९० च्या खाली आकडा गेला की आपण बेड शोधत धावत होतो. हे डॉक्टर ५४ वर उभे राहून सुया टोचत होते. आठवडेच्या आठवडे चाललेल्या मूत्रपिंडाच्या हिशेबाने त्यांना तिथवर आणले होते.

मग शेर्पांचे वेगळेपण कशात? 'त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन जास्त असते' असे उत्तर ऐकू येते, ते उलटे आहे. आपल्यासारखा माणूस उंचावर राहिला की त्याचे शरीर हिमोग्लोबिन बेसुमार वाढवते, रक्त दाट होते, हृदयावर ताण येतो. शेर्पा आणि तिबेटी लोकांत ईपीएएस१ नावाच्या जनुकाचे एक रूप सर्रास आढळते. ते ही वाढ आवरून धरते. २०१० मध्ये ते हाती लागले, आणि २०१४ मध्ये कळले की ते डेनिसोव्हन या लुप्त मानवजातीकडून संकरातून आलेले आहे. शिवाय शेर्पांचे स्नायू तेवढ्याच ऑक्सिजनवर जास्त काम उपसतात, असे २०१७ मध्ये दिसून आले. बाबूच्या पराक्रमाला लोक दैवी शक्ती म्हणतात. मला त्यात हजारो वर्षांची निवड, लहानपणापासूनची चढ-उतर आणि एका माणसाचा विलक्षण कणखरपणा दिसतो. त्यात देवाला आणायचे म्हणजे माणसाचे श्रेय काढून घेणे झाले.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती आपल्या मान्सूनची आहे. विमानविद्येच्या प्रमाण तक्त्यानुसार एव्हरेस्टच्या उंचीला दाब २३६ असायला हवा. त्यावर गणित केले तर चार मिलिमीटर ऑक्सिजन आणखी हातचा जातो, आणि ८ मे १९७८ ला मेसनर आणि हाबेलर हे गिर्यारोहक सिलिंडरशिवाय माथ्यावर पोचेपर्यंत अनेक शास्त्रज्ञ हे अशक्यच मानत होते. पण उष्ण कटिबंधाकडे हवा तापून फुगलेली असते, हवेचा थर जाड असतो, म्हणून तेवढ्याच उंचीवर डोक्यावर जास्त हवा उरते. एव्हरेस्ट अलास्काच्या अक्षांशावर असते तर सिलिंडरशिवाय बहुधा कोणीच चढू शकले नसते. ऋतूप्रमाणेही फरक पडतो. उन्हाळ्यात माथ्यावरचा दाब २५५ च्या जवळ जातो, ऐन थंडीत २४३ पर्यंत उतरतो. २२ डिसेंबर १९८७ ला आंग रीता शेर्पा सिलिंडरशिवाय वर गेला तो या उतरलेल्या दाबात. मे महिन्यात माथ्यावर घोंघावणारा वेगवान पश्चिमी वारा उत्तरेकडे सरकतो आणि मान्सून अजून पोचलेला नसतो. बहुतेक चढाया या फटीतच होतात. इकडे आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारायची वेळ येते तेव्हा तिकडे तंबू उतरवले जात असतात.

२९ एप्रिल २००१. बाबू छिरी अकराव्यांदा माथा गाठायला आला होता. कॅम्प टू या वाटेवरच्या दुसऱ्या तळाजवळ, ६,५०० मीटरवर, फोटो काढत असताना तो बर्फातल्या भेगेत पडला आणि गेला. वय ३५. मागे सहा मुली, आणि गावात शाळा उभी करायचे त्याने घेतलेले काम.

इथे ऑक्सिजनचा काही संबंध नाही. ६,५०० मीटर ही त्याच्यासाठी अंगणातली उंची. कॅम्प टू ज्या दरीत आहे तिच्या तिन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती आहेत. दुपारी ऊन त्यांच्यावरून परावर्तित होऊन मध्ये साठते आणि त्या उंचीवर माणसे अंगातले स्वेटर काढून घाम पुसतात. दरीतली हिमनदी खालच्या उतारावर वाकते तिथे वरचा ठिसूळ बर्फ तडकतो आणि भेगा पडतात. पन्नासेक मीटरखाली मात्र वरच्या भाराने बर्फ मऊ धातूसारखा वाहतो आणि भेग मिटते, म्हणून भेगांची खोली त्याच्या आतबाहेरच राहते. वारा भुरभुरता हिम आणून भेगेच्या तोंडावर पूल बांधतो. वरून पाहिले तर सपाट जमीन. पहाटे हा पूल कडक असतो, माणसाचा भार सोसतो. उन्हाने तो भुसभुशीत होतो. दोराने एकमेकांना बांधून चालायचे, पाऊल टाकण्याआधी काठीने टोचून पाहायचे, असा नियम आहे. कॅम्पच्या आसपास, जिथे माणूस दिवसभर वावरतो, तिथे तो पाळणे सर्वांनाच जड जाते.

२००८ मध्ये डॉक्टरांच्या एका गटाने १९२१ ते २००६ या काळातल्या एव्हरेस्टवरच्या २१२ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून आलेले गिर्यारोहक मोठ्या संख्येने आठ हजार मीटरच्या वर, माथ्यावरून उतरताना गेले होते: थकलेले, गोंधळलेले, मागे पडलेले. शेर्पा मात्र बहुतेक खालच्या टप्प्यांवर गेले होते, हिमकोसळीत, भेगांत, खुंबू आइसफॉलच्या कोसळणाऱ्या मनोऱ्यांखाली. तो आइसफॉल, म्हणजे बेस कॅम्पच्या वरचा हिमनदीचा तुटता उतार, दिवसाला साधारण एक मीटर सरकतो. गिऱ्हाईक तो मोजक्या वेळा ओलांडते. शेर्पा तंबू, दोर, शिधा आणि गिऱ्हाइकाचे ऑक्सिजन सिलिंडर पाठीवर घेऊन त्याच्या कितीतरी पट वेळा ओलांडतात. १८ एप्रिल २०१४ च्या पहाटे तिथे बर्फाचा कडा तुटून १६ नेपाळी कामगार ठार झाले. त्यांतले बहुतेक जण सामान पोचवायला निघालेले होते, आणि मृतांत एकही गिऱ्हाईक नव्हते.